नऊ मिनिटं आधीचा इफ्तार

गेल्या रमजानमध्ये एका दिवशी आमच्या गल्लीत सूर्य नऊ मिनिटं आधी मावळला. याला मी जबाबदार आहे.

मी परतूरला राहतो. बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सूर्य कुठं आधी मावळतो आणि कुठं नंतर, हे निम्म्या तालुक्याच्या डोक्यात मी छडीनं बसवलेलं आहे. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

(आमच्या घरातली बोली दखनी. पण जन्मभर मराठीत शिकवल्यामुळं लिहिताना मला मराठीच सुचतं, म्हणून गल्लीतल्या माणसांनाही मी इथं मराठीच बोलायला लावलं आहे. त्यांची काही हरकत नाही. ते हे वाचणारच नाहीत.)

माझी बायको नसीम त्याआधीच्या हिवाळ्यात गेली. एकुलती मुलगी सबा हैदराबादला दिलेली. त्यामुळं हा माझा एकट्याचा पहिला रमजान. रोजा म्हणजे काय, असं मला आधी कुणी विचारलं असतं तर मी तासभर भाषण दिलं असतं. पोटाचा रोजा, जिभेचा रोजा, नजरेचा रोजा, मनाचा रोजा! त्या वर्षी कळलं की या सगळ्यात उपाशी राहणं हे सर्वांत सोपं काम आहे. भूक दुपारी दोनच्या सुमाराला एकदा येते, बसते, कुणी विचारत नाही म्हटल्यावर उठून जाते. अवघड असतं ते संध्याकाळी एकट्यानं दस्तरखान अंथरणं. आमचा दस्तरखान आठ माणसांचा. पहिल्या दिवशी तो मी अर्धा दुमडला. दुसऱ्या दिवशी पाव. तिसऱ्या दिवशी घडी करून कपाटात ठेवला आणि वर्तमानपत्र अंथरलं.

चाळीस वर्षं नसीम शेवटच्या क्षणापर्यंत भजी तळत बसायची आणि स्वयंपाकघरातून विचारायची, "झाली का अजान?" मी म्हणायचो, "दोन मिनिटं राहिलीत, ये आता." रोज मी बोलवायचो आणि रोज ती अजान झाल्यावरच यायची. आता माझ्याकडं दोन मिनिटं रोज उरायची आणि ती सांगायला कुणी नव्हतं. मला फार एकटं वाटायचं. पण हे मी कुणाला सांगितलं असेल तर शपथ.

कारण विचारणारे होते. शेजारची रुखसाना (हिची आणि माझी भिंत एक, आणि हिचा आवाज त्या भिंतीला मोजत नाही) पहिल्याच दिवशी दारात येऊन उभी राहिली.

"सर, इफ्तारला आमच्याकडं यायचं. एकटं बसायचं न्हाई."

"छे, छे. मी यंदा जरा एकांतात रोजे करतोय."

"एकांतात म्हंजे?"

"ध्यान. चिंतन."

"मंग ते झाल्यावर या."

"इफ्तारच्या वेळीच असतं ते."

रुखसानानं माझ्याकडं आजारी माणसाकडं बघतात तसं बघितलं आणि ती गेली. खरं कारण असं की दुसऱ्याच्या दस्तरखानावर, "बिचारे सर" अशा नजरांमध्ये बसून भजी खायची मला लाज वाटत होती. चौथ्या दिवशी तिनं विचारणं बंद केलं. माझ्यासारख्या माणसाचं हेच असतं. लोकांनी विचारलं की नको म्हणायचं आणि विचारायचं थांबवलं की रात्रभर कूस बदलायची.

ध्यानाची थाप मात्र पूर्ण थाप नव्हती. सबानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक शांत चेहऱ्याची बाई सांगत होती की उपवास सोडताना घाई करू नका, मोबाइल दूर ठेवा, एक खजूर बत्तीस वेळा चावा आणि पूर्णपणे या क्षणात राहा. मी प्रयत्न केला. सतराव्या चावण्याला खजूर संपायचा. उरलेले पंधरा मी नुसताच चावायचो. आणि या क्षणात राहून बघितलं तर या क्षणात काय होतं? मी, वर्तमानपत्र आणि भिंतीपलीकडून येणारा रुखसानाच्या घरातल्या सात माणसांच्या हसण्याचा आवाज. त्या क्षणापेक्षा मला दुसरा कुठलाही क्षण चालला असता.

तो मला विसाव्या रोज्याला मिळाला.

माझी नात झोया सात वर्षांची. त्या दिवशी तिचा आयुष्यातला पहिला रोजा होता. आमच्यात लेकराचा पहिला रोजा म्हणजे घरचं कार्यच. नवे कपडे, गळ्यात फुलांचा हार, पाहुणेरावळे. सबानं दहा वेळा बोलावलं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. (गुडघा ठणठणीत आहे. नसीमशिवाय एकट्यानं लेकीच्या सासरी जायची हिंमत होईना.) मग सबा म्हणाली, "अब्बा, निदान व्हिडिओवर तरी बसा. झोया तुमच्याबरोबर रोजा सोडणार म्हणून हटून बसलीय."

एरवी आमचा फोन इफ्तारनंतर व्हायचा. त्या दिवशी पहिल्यांदाच आधी लागणार होता. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मी ईदसाठी ठेवलेला कुर्ता काढला. कपाटातला दस्तरखान काढला, पूर्ण अंथरला. चार भजी तळली, त्यातली दोन ओळखू येत होती. माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं म्हणून जावयानं एक गोल डबड्यासारखा स्पीकर दिलेला आहे, तो फोनला जोडला. आमच्या घरात रेंज फक्त गल्लीकडच्या खिडकीतच येते. म्हणून फोन खिडकीत, स्पीकर खिडकीत आणि खिडकी सताड उघडी, कारण दुपारीच डीपी जळून सगळ्या गल्लीची लाइट गेली होती आणि पंखा बंद होता.

आता इथं थोडं थांबून परिस्थिती नीट बघा. लाइट नाही, म्हणजे मशिदीचा भोंगा बंद. आभाळ अवकाळीच्या ढगांनी गच्च, त्यामुळं सूर्य आहे की गेला याचा पत्ता नाही. गल्लीतली वीस-बावीस घरं दस्तरखानावर बसून, हातात खजूर धरून, कान टवकारून बसलेली. घड्याळं सगळ्यांकडं होती. पण चौदा तास उपाशी माणूस घड्याळ बघत नाही, कानच देतो. आणि या शांततेत, गल्लीच्या बरोबर मधोमध, माझ्या खिडकीत तो स्पीकर.

पडद्यावर झोया दिसत होती. हार तिच्या नाकापर्यंत आलेला. "नाना, मेरे को भूक नहीं लगी," ती सांगत होती आणि भज्यावरची नजर काढत नव्हती. मी हसलो. मोठ्यानं हसलो, आणि माझ्याच घरात माझाच आवाज ऐकून मला नवल वाटलं.

तेवढ्यात तिकडं भोंगा झाला आणि मग अजान सुरू झाली. काय स्वच्छ आवाज होता! त्या डबड्यातून तो असा घुमला की खिडकीच्या काचा थरथरल्या. झोयानं खजूर तोंडात टाकला. मी टाकला. बत्तीस वेळा चावला. त्या रमजानमध्ये प्रथमच बत्तीस पुरे झाले. पलीकडं रुखसानाच्या घरात ताटवाट्यांचा खणखणाट सुरू झाला, समोरच्या हाजीसाहबांच्या घरात कुणीतरी घटाघटा पाणी प्यायलं, आणि मला वाटलं, वा, आज गल्ली कशी माझ्याबरोबर जेवतेय. व्हिडिओतल्या बाईनं सांगितल्याप्रमाणे मी पूर्णपणे त्या क्षणात होतो. तो क्षण हैदराबादचा होता, एवढंच.

तिसरं भजं तोंडात असताना दुसरी अजान ऐकू आली. लांबून, बारीक, विनाभोंग्याची. आमच्या मशिदीचे अजान देणारे वयस्कर गृहस्थ लाइट नाही म्हणून गच्चीवर चढून, कानावर हात ठेवून, स्वतःच्या गळ्यानं देत होते.

गल्लीतला खणखणाट एकदम थांबला.

भजं माझ्या तोंडात होतं तसंच राहिलं. गिळावं तर पाप आणि थुंकावं तरी आता काय उपयोग? बत्तीस वर्षांचा भूगोल त्या एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेला. मी फोनमधल्या झोयाकडं बघितलं. ती सरबत पीत होती. तिचा रोजा बरोबर झाला होता. माझा मोडला होता. आणि माझ्याबरोबर वीस-बावीस घरांचा.

बाहेर दारं उघडायला लागली.

"पहिली अजान कुणी दिली?"

"मशिदीतून न्हाई आली."

"मंग कुठून आली?"

मी खिडकी लावली, फोनवर तिथंच खिडकीत उशी दाबली. स्पीकर बंद करायला गेलो, तर ज्या बटणानं तो बंद होतो त्याच बटणानं आवाजही वाढतो आणि किती वेळ दाबायचं हे मला कधीच जमलं नाही. शेवटी मी तो तांदळाच्या डब्यात खुपसला, वर झाकण दाबलं, दोन पायली तांदळाची पिशवी त्यावर ठेवली आणि तोंड पुसून बसलो. खरं सांगायचं तर रोजा मोडल्याची भीती मला दुसऱ्या नंबरावर होती. पहिली भीती ही की आता सगळ्यांना कळेल. कळेल की ध्यान नाही, चिंतन नाही, सर रोज संध्याकाळी कुणाचा तरी आवाज ऐकायला तडफडत बसतात.

नमाज झाल्यावर ते दारात आलेच. पुढं हाजीसाहब, वय ऐंशी, गल्लीतले सगळ्यांत वडीलधारे. मागं रुखसाना. तिच्यामागं सुधाकर, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, माझा जुना विद्यार्थी. हा दरवर्षी रमजानमध्ये एक रोजा धरतो, आणि त्या वर्षी त्यानं नेमका हाच दिवस निवडला होता.

मी म्हटलं, संपलं. पण हाजीसाहब खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा, ती अजान कुठून आली?"

म्हणजे ते मला पकडायला आले नव्हते, तपासाला नेमायला आले होते! शहाण्या माणसानं इथं कबूल करून टाकलं असतं. मी घसा खाकरला.

"ढगाळ हवेत आवाज लांबपर्यंत जातो," मी म्हणालो. "ढगाला आपटून खाली येतो. मंठ्याहून आला असेल."

"मंठ्याहून?" रुखसाना म्हणाली. "मला तर माझ्या भिंतीतून आल्यासारखा वाटला."

"भिंतीतून येतो कधी कधी."

"आवाज चांगला होता पण," हाजीसाहब म्हणाले. "मला वाटलं, कुणी पाहुणे आलेत."

सुधाकर इतका वेळ गप्प होता. शाळेतही गप्पच असायचा. मी त्याला कायम शेवटच्या बाकावरून उठवून प्रश्न विचारायचो आणि तो कधी उत्तर द्यायचा नाही.

"सर," तो म्हणाला, "मंठ्याचा सूर्य आपल्या आधी मावळतो का?"

"थोडासा. मंठा पूर्वेला आहे ना."

"किती?"

"असेल अर्धं मिनिट."

"आन अजान तर नऊ मिनिटं आधी झाली. मी घड्याळ बघितल्तं, पर तुमच्या घराकडून आवाज आला म्हून म्हनलं, सर चुकायचे न्हाईत." तो बोटं मोजायला लागला. "एका अंशाला चार मिनिटं. तुम्हीच शिकवलं व्हतं. न्हाई आलं म्हून कानफटात बी दिली व्हती. नऊ मिनिटं म्हंजे सव्वादोन अंश. सर, सव्वादोन अंश पूर्वेला कोणतं गाव लागतं हो?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरानं गणित बरोबर सोडवलं होतं. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता. मी छताकडं बघत म्हणालो, "नकाशा बघावा लागेल."

आणि तेवढ्यात तांदळाचा डबा बोलला.

"नाना! ओ नाना! अंधेरा क्यूं हो गया? हैदराबाद से सबका सलाम बोल रहे!"

हाजीसाहबांनी डब्याकडं बघितलं. रुखसानानं माझ्याकडं बघितलं. सुधाकरनं खाली मान घातली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. फोन उशीखाली चालूच राहिला होता. पाहुण्यांतून परत फोनजवळ आलेली झोया त्या डब्यातून मन लावून बोलत होती. तिनं किती भजी खाल्ली, कुणी काय दिलं आणि शेवटी, "नाना, अम्मी बोल रही, आप अकेले रोते तो नहीं ना?"

झाकण काढायला मी उठलो, पण माझ्या आधी रुखसाना उठली. तिनं पिशवी बाजूला केली, तांदळातून स्पीकर काढला, पदरानं पुसला आणि त्या डबड्याला म्हणाली, "न्हाई बेटा. नाना के पास हम सब बैठे हैं." मग ती पूर्ण अंथरलेल्या त्या आठ माणसांच्या दस्तरखानाकडं आणि त्यावरच्या एका ताटाकडं बघत राहिली. मी सांगतो, त्या वेळी कुणी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

शिव्या सुधाकरनं दिल्या, पण विद्यार्थ्याच्या मापात. "वर्षातून एक रोजा धरतो सर. तोबी तुमी मोडला."

दुसऱ्या दिवशी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, चुकून झालं, गुनाह नाही, पण ईदनंतर बदल्यात एक रोजा सगळ्यांना धरावा लागेल. मला हाजीसाहबांची काळजी वाटत होती. ऐंशीच्या माणसाला एकेक रोजा जड जातो. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "माझ्या वयाला एक रोजा जास्त मिळाला, वाईट काय? पण एक सांगा, एवढं एकटं वाटत होतं तर सांगायचं होतं. आम्ही काय मेलो होतो?" मग मी म्हणालो, बदल्याच्या रोज्याचा इफ्तार माझ्या घरी. सगळ्यांचा.

ईदनंतर चौथ्या दिवशी आमच्या गल्लीनं रोजा धरला. बाकी परतूर शिरखुर्म्याचा उरलेला मेवा खात फिरत होतं आणि आमची वीस-बावीस घरं तोंडं सुकवून बसली होती. वाटेत भेटलेला प्रत्येक जण माझ्याकडं बघून सलाम करायचा, पण जरा दात दाखवूनच. दुपारी मी कांदा चिरायला घेतला. रुखसाना आली, कांद्याचे तुकडे बघितले आणि मला माझ्याच स्वयंपाकघरातून हाकलून दिलं. संध्याकाळी दस्तरखान कमी पडला म्हणून त्याला चादर जोडली, चादरीला सतरंजी जोडली, आणि रांग पार ओट्यापर्यंत गेली. सुधाकरही पुन्हा रोजा धरून आला होता. त्यानं दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं होतं आणि ते मांडीवर घेऊन माझ्याच समोर बसला होता.

शेवटच्या पाच मिनिटांत रुखसाना भजी तळत होती. आतून आवाज आला, "झाली का?"

"दोन मिनिटं राहिलीत," मी म्हणालो. "ये आता."

बोललो आणि मला नसीमची इतकी आठवण आली की पुढचं काही दिसेना. त्याच वेळी डावीकडून कुणीतरी मला खजूर देत होतं, उजवीकडून कुणीतरी सरकायला सांगत होतं, आणि मला एकटं वाटत नव्हतं. ती नाही याचं दुःख आणि हे सगळे आहेत याचं सुख, दोन्ही एकाच घासात गिळावं लागलं. त्याला बत्तीस वेळा चावणं पुरत नाही.

यंदाचा रमजान लागायच्या आदल्या दिवशी गल्लीची बैठक झाली. विषय एकच होता, मी. ठराव असा झाला की इफ्तारच्या वेळी सरांना घरात एकटं सोडायचं नाही. रोज एकेका घरानं पाळीनं त्यांना आपल्याकडं न्यायचं, नजरेसमोर बसवायचं आणि अजान होईपर्यंत त्यांचा मोबाइल जप्त ठेवायचा. हे प्रेमापोटी वगैरे नाही, असं रुखसानानं मला स्पष्ट सांगितलं. पुन्हा सगळ्यांना जादा रोजा पडू नये म्हणून केलेला हा बंदोबस्त आहे.

मीही गुन्हेगारासारखा खाली मान घालून रोज ज्याच्या पाळीला असेल त्याच्या घरी हजर होतो. शिक्षा कडक आहे. काल बिर्याणी होती.